दोघींची बाटली

सिस्टरने बाटली ट्रेमध्ये उपडी केली आणि चमच्याच्या दांड्याने दोन-दोन कॅप्सूल बाजूला सारू लागली. दहा उरायला हव्या होत्या. वीस निघाल्या. तिने पुन्हा मोजल्या, तरी वीसच.

"काकू, दहा दिवस चुकवलेत तुम्ही?"

"एक दिवस चुकला असेल तर शपथ," थोरली म्हणाली. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या धाकट्या जावेकडे तिने हात केला. "त्या आम्हा दोघींच्या आहेत. हिच्या दहा, माझ्या दहा."

"एकाच बाटलीत?"

धाकटी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे तसं पहिल्यापासूनच आहे," थोरली शेवटी म्हणाली. "घरी गेलो की दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतायच्या, हलवायच्या आणि रोज एकेक घ्यायची. इथे यायच्या आदल्या दिवशी परत निम्म्या-निम्म्या भरायच्या. या वेळी दुसरी बाटली सापडेना. पोरांनी बटणं भरून ठेवली असणार."

सिस्टरने चमचा खाली ठेवला. या नव्या औषधाची चाचणी सुरू होऊन दहा महिने झाले होते. एकशेवीस माणसं, एकशेवीस क्रमांक. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत नुसती भुकटी. कोणती कुठली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एका घरातल्या दोघींना घ्यायलाच नको होतं, हे आता तिच्या लक्षात येत होतं.

पहिल्या दिवशी याच टेबलाशी तिने दोघींना सगळं समजावलं होतं. आपण श्वासातून जो प्राणवायू घेतो, तो जगवतो. पण वापरताना त्याच्या काही ठिणग्या उडतात. शरीर त्या विझवत असतं. वय, साखर, रक्तदाब, धूर यांनी ठिणग्या वाढल्या आणि विझवणं कमी पडलं, की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर होरपळतं. रक्तातली चरबी बिघडते आणि तिथेच भिंतीत थर धरते.

"तेल खवट होतं तसं," थोरली पटकन म्हणाली होती, आणि पुढे दहा महिने सिस्टर प्रत्येकाला तेच उदाहरण देत आली होती. बाहेरून दिलेल्या कॅप्सूलने हे खवटपण थांबतं का, एवढंच पाहायचं होतं. थांबतंच, असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

"पण का केलंत असं?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणाला खरी मिळेल, कुणाला पोकळ, ते सांगता येत नाही? माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेली. हिच्या छातीत जिना चढताना दुखतं. चार पोरं हिच्या पदरात. मी खरी खायची आणि हिने भुकटी? किंवा उलट?" थोरलीने मान हलवली. "घर आहे ते. एकीच्या ताटात वाढायचं आणि एकीच्या नाही, असं आम्ही आजवर केलं नाही."

"पण आता कुणाला किती गेलं, ते कधीच कळणार नाही."

"बरंच झालं की! कळलं असतं तर जन्मभर एकमेकींचं तोंड बघत बसलो असतो."

सिस्टरला हसू आलं, ते तिने आवरलं. समोर दोन तक्ते उघडे होते. 'उरलेल्या कॅप्सूल' या रकान्यात दोन्हीकडे दहा लिहिलं असतं, तर आकडा चुकीचा ठरला नसता. चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम कालच म्हणाल्या होत्या, शेवटचे दोन महिने आहेत, आता एकही माणूस गळता कामा नये. त्या आत बसलेल्या होत्या. त्यांना काही दिसणार नव्हतं.

"आम्हाला काढणार नाही ना?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

सिस्टरने पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ हातातच धरलं, आणि दोन्ही तक्त्यांवर सावकाश एकच वाक्य लिहिलं: पहिल्या दिवसापासून दोन्ही बाटल्या एकत्र केल्या. खाली सही केली.

"तपासणीला यायचं. ती बंद होणार नाही," ती म्हणाली. "नेहमीच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत. फक्त ही कॅप्सूल आजपासून नाही."

"म्हणजे काढलंच."

"काकू, त्यात औषध होतं का हेच माहीत नाही. आणि असलं, तरी त्याने काही होतं का हेही—"

"अहो, गोळीला कोण विचारतंय!"

धाकटीने थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोरलीने तो बाजूला केला नाही.

"मी घरी सांगून ठेवलंय," थोरली हळू म्हणाली. "ही गोळी घेतल्यावर दहा मिनिटं जागचं हलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय म्हणून. तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. पण अकरा माणसांचं घर. सकाळी उठल्यापासून नुसत्या हाका. दहा महिने झाले, आम्ही दोघी त्या खोलीत पाण्याचा तांब्या घेऊन बसतो आणि कुणी म्हणून हाक मारत नाही. सासूबाई तर बाहेरून दार लोटून घेतात. म्हणतात, औषध लागू होतंय, गडबड करू नका."

"काय करता दहा मिनिटं?"

"बसतो," धाकटी म्हणाली.

"तुझं कुठलं बसणं! अर्धा वेळ डुलक्या काढतेस," थोरली म्हणाली.

सिस्टरने तक्ते मिटले. खोटं लिहायला कुणी सांगितलं असतं, तर तिने लिहिलं नसतं; आताही लिहिलं नव्हतं. मग तिने खणातून सल्ल्याचा कागद काढला, वर दवाखान्याचं नाव छापलेला. तो लिहिणं तिच्याच कामात बसत होतं. हृदयाच्या रोग्याने रोज विश्रांती घ्यावी, यात खोटं काय होतं?

"कॅप्सूल बंद," ती लिहिता लिहिता मोठ्याने म्हणू लागली. "रोज सकाळी शांत बसणे चालू ठेवावे. दहा मिनिटं."

"वीस लिहा," थोरली लगेच म्हणाली. "घरी त्यातली काटछाट होतेच."

सिस्टरने वीस लिहिलं. सही केली, शिक्का मारला, आणि कागद उचलून पुढे केला. थोरलीने हात पुढे केला, पण धाकटीने कागद आधी घेतला. तिने ओठ हलवत तो शेवटपर्यंत वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"सिस्टर, यात 'दोघींनी एकाच वेळी' असं घाला," ती म्हणाली. "नाहीतर एकीला बसवतील आणि दुसरीला हाक मारतील."