दुसरीच्या विणकामावर

तेजस्विनी प्रयोगशाळेत आली तेव्हापासून प्रतिभाच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि हे दुखणं ओव्याने थांबणारं नव्हतं.

चार वर्षं प्रतिभा घोटीहून एसटीने नाशिकला येत होती. त्वचेतल्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या, त्या आपल्याभोवती कोलॅजन या प्रथिनाचं जाळं कसं विणतात आणि त्यालाच कशा धरून बसतात ते बघायचं, हा तिच्या पीएचडीचा विषय. मान मोडून काम केलं, पण गाईड शेखर सरांच्या तोंडून कौतुकाचा शब्द कसा तो नाही. आणि ही दिंडोरीची बया जूनमध्ये येते काय, घरच्या बेदाण्यांचा डबा सगळ्यांपुढे फिरवते काय, आणि महिन्याभरात सरांची ‘तेजू’ होते काय! प्रतिभाने तो बेदाणा एकदासुद्धा तोंडात घातला नाही.

त्यात शनिवारी पुण्याचे पाहुणे यायचे होते. भाजलेल्या माणसांसाठी त्वचा वाढवण्याचं काम त्यांच्याकडे चालतं. दोघींपैकी एकीला ते वर्षभर तिकडे नेणार होते. जागा एकच. ती मिळाली नाही तर प्रतिभाच्या चार वर्षांचं चीज व्हायचं नव्हतं.

बरं, तेजस्विनीच्या पेशी डिशला चिकटतच नव्हत्या. गोल गोल होऊन तरंगायच्या आणि मरून जायच्या. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, “ताई, मला दुसऱ्या डिश द्या ना.”

कपाटाची किल्ली प्रतिभाकडे असायची. “नव्या संपल्यात,” ती धडधडीत खोटं बोलली.

फ्रीजमध्ये तिच्याच जुन्या डिश झाकून ठेवलेल्या होत्या. मागे वीज गेली, इन्क्युबेटर बंद पडला आणि तीन आठवडे लेकरासारख्या जपलेल्या पेशी मेल्या. त्या पाण्याने धुऊन काढल्या, पण डिश टाकवल्या नाहीत. त्यातल्या दोन तिने तेजस्विनीच्या हातावर ठेवल्या. घे बाई, बस माझ्या उष्ट्या ताटावर! बघू कशा चिकटतात ते.

तासाभराने सरांची हाक आली. “प्रतिभा, अगं हे बघ! तेजूने कमाल केली!”

प्रतिभाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी चांगल्या हातपाय पसरून बसल्या होत्या. अशा तासाभरात कुणाच्या बसतात? तिने भिंग थोडं खाली घेतलं आणि तिला पेशींखालचे धागे दिसले. बारीक, एकाच दिशेने गेलेले. ते कुणी विणलेत हे तिला सांगायला लागलंच नाही. तिच्या पेशी मेल्या, पाण्याबरोबर गेल्या. जाळं मात्र जागच्या जागी राहिलं होतं. मांडव आधीच घातलेला असला की वेल भराभरा चढते, तशा या पोरीच्या पेशी त्यावर चढल्या होत्या.

आयत्या बिळावर नागोबा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सांगते कुणाला? सर, विणकाम माझं आहे, मी हिची फजिती व्हावी म्हणून मुद्दाम जुन्या डिश दिल्या, असं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

“शनिवारी पाहुण्यांसमोर हेच पहिल्यापासून करून दाखवायचं,” सर म्हणाले. तेजस्विनी नुसती हसत होती. तिचं ते हसणं प्रतिभाला घरी जाताना एसटीतही दिसत राहिलं.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा प्रतिभाने उरलेल्या सगळ्या डिश फ्रीजमधून काढल्या आणि एकेक करून ब्लीचच्या बादलीत बुडवल्या. माझं आहे, मी बुडवीन. बसू देत उद्या हिच्या पेशी गटांगळ्या खात! डिशच्या तळावरचा पातळ पापुद्रा सुटला, विरघळला. नवं जाळं विणायला पुन्हा तीन आठवडे लागले असते. तिचा हात क्षणभर थांबला. मग बेदाण्यांचा डबा आठवला आणि तिने शेवटची डिशही सोडून दिली.

ती हात धूत होती तेवढ्यात तेजस्विनी धावतच आत आली.

“ताई, सरांना सगळं सांगून आले! पेशी टाकायच्या आधीच मी डिश बघितली होती, धागे दिसले होते मला. माझ्या पेशी टिकेनात म्हणून तुम्ही तुमचं तयार जाळं दिलंत ना? एवढं कोण करतं हो कुणासाठी? सर मला तेव्हा बोलूच देईनात. आज पकडलंच त्यांना. ते म्हणाले, मग उद्या प्रतिभाच दाखवेल. पुण्याला तुमचंच नाव देणार आहेत.”

प्रतिभाच्या ओल्या हातांना ब्लीचचा वास येत होता.

तेजस्विनीने फ्रीज उघडला, वरचा खण बघितला, खालचा बघितला. “उरलेल्या डिश कुठे ठेवल्यात, ताई?”

“टाकल्या,” प्रतिभा म्हणाली.

“कुणी?”

“मीच.”