घंटी वाजली की काका बाहेर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, हे कसलं काळं खोकं? म्हणा बापडे. मी एक जुना फाइल सर्व्हर आहे, आणि जुना असल्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. स्क्रू आवळले, तारा जोडल्या, तपासणाऱ्या बाईंनी मला चालू करून पाहिलं आणि पहिल्याच फटक्यात पास केलं. तिथून मी आलो या छापखान्यात. इथे अंध मुलांसाठी ब्रेल लिपीतली, म्हणजे उठावदार ठिपक्यांची पुस्तकं तयार होतात. सगळी पुस्तकं माझ्या पोटात असतात. बाकीचे संगणक मागतात आणि मी देतो. सुरुवातीला माझे काय लाड! साहेब स्वतः फडक्याने मला पुसायचे. पण नव्याची नवलाई नऊ दिवस. पुढे जिन्याखालच्या खोलीत माझी रवानगी झाली, डोक्यावर चहाचे कप आले, समोर रिकामी खोकी रचली गेली. तरी आजवर माझ्याकडून एक पान हरवलेलं नाही. आहे का कोणाची छाती असं म्हणायची?

माझं दुसरं काम दारवानाचं. इथल्या प्रत्येक संगणकाला परवान्याचा स्वतःचा क्रमांक असतो. त्याने दाराशी येऊन क्रमांक सांगायचा, मी तपासायचा, मगच आत सोडायचं. एका क्रमांकावर एकच संगणक, हा माझा नियम. तोच क्रमांक पुन्हा आला, तर मी समजतो की आधीचा बंद पडून परत आलाय. मग जुनी जागा मोकळी करतो आणि नव्याने आलेल्याला बसवतो. पण गुपचूप नाही हं. ज्याला उठवलं त्याच्या पडद्यावर स्वच्छ निरोप लिहितो. आडपडदा ठेवणं माझ्या स्वभावातच नाही.

आता आमच्या काकांबद्दल सांगतो. ते मुद्रितं तपासतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. संगणक त्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्याच वेळी त्यांची बोटं ठिपक्यांच्या कागदावरून फिरतात. कान एक सांगतो आणि बोट दुसरं, तिथे चूक. सगळे त्यांना कौतुकाने कानसेन म्हणतात. माझ्या पोटातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर त्यांचा हात फिरलाय, म्हणून ते माझे फार लाडके आहेत.

यंदा गणिताचं पुस्तक चाललं होतं. शाळा उघडायच्या आत ते मुलांच्या हातात पडायला हवं होतं. आणि नेमकं तेव्हाच काका कामाच्या मध्येच बाहेर फेकले जाऊ लागले. केलेल्या दुरुस्त्या पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी दर वेळी निरोप लिहीत होतो. पण वाचून दाखवणाऱ्या त्या आवाजाला माझ्या निरोपाची चौकट काही वाचता येत नव्हती. काका जवळून जाणाऱ्याला हाक मारायचे, "जरा बघा हो, काय झालंय." तो यायचा, न वाचता 'ठीक आहे' वर टिचकी मारायचा आणि "गेलं बघा ते," म्हणून चालू लागायचा. खुद्द साहेबांनीही तेच केलं.

साहेब माणूस वाईट नाही, पण उतावळा. एका दुपारी ते काकांच्या टेबलाशी आले.

"काका, आता वय झालं. बोटं भलत्याच कळीवर पडत असतील. सोमवारपासून बांधणीच्या खोलीत बसा. तिथे डोक्याला ताप नाही."

काका म्हणाले, "बांधणी काही हलकं काम नाही साहेब. पण ते मला येत नाही आणि हे येतं. आणि एक सांगू? दारावरची घंटी वाजली ना, की थोड्याच वेळात माझं काम बंद पडतं."

सगळे हसले. "घंटीचा आणि फाइलीचा काय संबंध? हा तर बादरायण संबंध झाला, काका," साहेब म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! ज्या माणसाच्या नजरेतून, म्हणजे बोटांतून, एक ठिपका सुटत नाही, त्याला चुकांपायी उठवायचं? पण माझी धाव त्या चौकटीपर्यंतच.

शुक्रवारी संगणक दुरुस्तीवाली ताई आली. आल्या आल्या तिने माझ्यासमोरची खोकी हलवली, तेव्हाच मी ओळखलं, ही कामाची आहे. तिने काकांचं सगळं ऐकून घेतलं.

"घंटी म्हणता? मग वाजवूनच बघू."

तिने बाहेर जाऊन घंटी वाजवली. काहीच झालं नाही. "बघा, मी म्हणत नव्हतो?" साहेब म्हणाले. काकांनी हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

तेवढ्यात घंटी पुन्हा वाजली. या वेळी खरंच कोणी तरी आलं होतं. एका शाळेच्या बाई पुस्तकांची चौकशी करायला आल्या होत्या. जरा वेळाने काका म्हणाले, "गेलं."

साहेबांचा हात सवयीने पुढे झाला. "थांबा, हात लावू नका," ताई म्हणाली, आणि माझा निरोप तिने खणखणीत आवाजात वाचला: "तुमच्याच क्रमांकाने दुसऱ्या संगणकावरून प्रवेश झाला आहे. म्हणून तुम्हाला बाहेर केले आहे."

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"घंटी वाजली की संगणकावर काम कोण करतं?" ताईने विचारलं.

दाराजवळच्या टेबलाशी, यंदाच आलेल्या नव्या संगणकासमोर, साहेबांच्या वहिनी बसतात. त्या म्हणाल्या, "मी. कोणी आलं की मागणीची फाइल उघडते, काम झालं की बंद करते. मघाशी तूच होतीस, म्हणून नाही उघडली."

ताईने वहिनींच्या नव्या संगणकाचा आवाज वाढवला. तो काकांच्या संगणकासारखाच घडाघडा वाचायला लागला.

"पहिल्या दिवसापासून असाच बडबडतो मेला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मी त्याचं तोंड बंद करून टाकलं."

साहेबांचा चेहरा पडला. काकांचा संगणक कधी कुरकुरत नाही, म्हणून त्यांनीच त्याची जशीच्या तशी नक्कल नव्यावर उतरवली होती. तिच्यासोबत काकांचा परवाना क्रमांकही गेला होता. नव्याचा स्वतःचा क्रमांक त्याच्या खोक्यात तसाच पडून होता. ताईने तो भरला. मग वहिनींनी मागणीची फाइल पुन्हा उघडली. मी दोघांनाही आत घेतलं, आणि काका जागचे हलले नाहीत.

"काका, सोमवारचं विसरा," साहेब हळूच म्हणाले.

"विसरलो. पण तुम्ही बसा इथे. आत्ताच्या दुरुस्त्या वाया गेल्यात. तुम्ही मोठ्याने वाचा, मी बोटांनी तपासतो. लवकर होईल."

आणि साहेब बसले. संध्याकाळपर्यंत गणितं वाचत होते, अडखळत अडखळत. पुस्तक वेळेवर गेलं.

मित्रांनो, मी अजून ठणठणीत आहे. उद्या माझ्या जागी नवा आला तर खुशाल येऊ दे. त्याच्या डोक्यावर कप ठेवू नका, त्याचा वारा अडवू नका. आणि यंत्राने काही लिहिलं, तर माणसाला बोल लावण्याआधी ते वाचा. काकांना माझा निरोप दिसत नव्हता. बाकी सगळ्यांना दिसत होता.