जोडीने करायचा सराव

“तुम्ही आणि तुम्ही,” बाईंनी खडूने दोघांकडे निर्देश केला, “आज एक जोडी. पुढच्या आठवड्याचे बेत एकमेकांना विचारा. उत्तर पूर्ण वाक्यात.”

मागच्या बाकावरचा औषधवाला म्हणाला, “जोडी झकास जमवलीत, बाई.”

बाईंना ठाऊक नव्हतं, औषधवाल्याला होतं. ही जोडी, म्हणजे लिफ्टमेस्त्री आणि खिडकीजवळ बसणारी काजं-बटणंवाली, नवरा-बायको होते. संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला दोघं एकाच घरातून निघत, ती आधी, तो मागाहून, आणि वेगवेगळ्या बाकांवर बसत. वर्ग मधल्या पायरीचा. म्हणजे रस्ता विचारता येतो, भांडता येत नाही. दोघांच्या सोयीचाच.

घरात दोघांचं बोलणं बंद होतं. मीठ संपलं की ती रिकामी बरणी त्याच्या डब्याशेजारी ठेवी. संध्याकाळी ती भरलेली असे. व्यवहार चोख. मेस्त्रीने रागाच्या भरात मुलाला सुनावलं होतं, या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच आज्ञाधारक निघाला. परदेशात गेला, तिथलीच बायको केली, मुलगी झाली. सून आणि नात इंग्रजीशिवाय दुसरं बोलत नसत, म्हणून बायकोने वर्ग लावला. मेस्त्रीने का लावला, ते त्याला कोणी विचारलं नाही. रविवारी ती फोनवर बोलायची तेव्हा तो दाराच्या अलीकडे बसून ऐके. अर्धं समजे. फी भरली ती बहुधा उरलेल्या अर्ध्यासाठी.

तो उठून तिच्या बाकावर गेला. पुस्तक मध्ये ठेवलं आणि छापलेला प्रश्न वाचला: पुढच्या आठवड्यात तू काय करणार आहेस?

“मी माझ्या मुलाकडे जाणार आहे,” तिने इंग्रजीत उत्तर दिलं. “सोमवारी.”

मेस्त्रीने मान हलवली. लिफ्ट कुठे अडकलीय हे कळल्यावर हलवायचा, तशीच. पुढचा प्रश्न त्याने शब्दांखाली बोट फिरवत वाचला: तिथे किती दिवस राहणार?

तिने पुस्तक स्वतःकडे ओढून प्रश्न पुन्हा वाचला. बाई शेजारी येऊन उभ्या होत्या. “बोला हो. चुकलं तरी चालेल.”

“मी परत येणार नाही,” ती म्हणाली.

“छान. अगदी बिनचूक,” बाई म्हणाल्या. “आता त्यांची पाळी. तुम्ही विचारा.”

तिने तोच प्रश्न वाचला. मेस्त्रीने सांगितलं, मी कामावर जाणार आहे. एवढ्याने भागणार नाही, म्हणाल्या बाई. मग त्याने पुढच्या वाक्यात लिफ्टला तेल घातलं. औषधवाला हसला. बाईंना आणखी एक वाक्य हवं होतं.

मेस्त्री नखांतलं वंगण बघत बसला. मग एकेक शब्द खाली उतरवून ठेवावा तसं बोलला, “सोमवारी मी तिची बॅग विमानतळावर नेणार आहे.”

“तिची म्हणजे कोणाची?” बाईंनी विचारलं.

मेस्त्रीने पुस्तक बायकोकडे सरकवलं.

“बॅग जड आहे,” बायको त्याला म्हणाली. इंग्रजीत नव्हे.

बाईंनी दोघांना वर्गाचा नियम सांगितला. इथे फक्त इंग्रजीत बोलायचं. दोघांनी माना डोलावल्या आणि पान उलटलं.