उखर्डूच्या पेटीतला आवाज

"हे कोणाला खरं वाटायचं नाही," असं म्हणत सुकदेवनानांनी पेटीवरची गोधडी ओढली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकले. "यावलच्या बाजारात सातपुड्यातून अस्वल उतरलं होतं, ताई. माणसांच्या मागे रांगेत उभं राहिलं, पैसा टाकला, नळ्या कानात घातल्या आणि पुरतं गाणं ऐकून गेलं."

अस्वलाजवळ पैसा कुठून आला, असं सुलक्षणाने हसत विचारलं. आपण गिऱ्हाइकाला असलं काही विचारत नाही, असं नाना म्हणाले.

सुलक्षणा धुळ्याहून सावद्याला आली होती ती पैसा टाकला की गाणं ऐकवणाऱ्या या फोनोग्राफच्या पेटीसाठी. जुनी यंत्रं ओळखायची, चालती करायची, हे तिचं काम. तिला बोलावलं होतं मात्र नानांच्या थोरल्या बहिणीने. वच्छलाअक्का ओट्यावरच्या खाटेवर पडून होत्या. दृष्टी कधीच गेली होती, आणि आता घरीच न्या, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी पारोळ्याला सासरी न जाता माहेर गाठलं होतं. मायचा आवाज ऐकायचा, एवढंच एक त्यांनी धरून ठेवलं होतं. सकाळीच केस विंचरून घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून त्या तयार होत्या.

मायचा आवाज पेटीत आहे, ही नानांचीच गोष्ट. वडील, उखर्डू, ही पेटी बैलगाडीत घालून बाजारोबाजार नेत. मुलूखभर ती 'उखर्डूची पेटी' म्हणूनच माहीत. माय अंथरुणाला खिळली तेव्हा अक्कांना सासरच्यांनी पाठवलं नाही, आणि वडीलही त्यांना आणायला गेले नाहीत. दहाव्याला आलेल्या अक्का कोणाशी बोलेनात, पाणीही घेईनात. तेव्हा नानांनी सांगून टाकलं, की मायने जाताना तुझ्यासाठी पेटीत बोलून ठेवलंय. ऐकव म्हटल्यावर चावी तुटलीय म्हणाले. ती चावी पुढे जन्मभर तुटलेलीच राहिली.

सुलक्षणाने काचेचं झाकण उचललं. कानात घालायच्या जुन्या नळ्यांचं रबर वाळून कडकडीत झालं होतं. तिने बरोबर आणलेल्या नव्या नळ्या बाहेर काढल्या. मग चावी फिरवली आणि नानांनी आणून दिलेला जुना धब्बू पैसा फटीतून आत सोडला. आत खट्ट झालं, आणि दांडा गरगरू लागला. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. नानांचा चेहरा उतरला.

तिने आतली भुंगळी, म्हणजे गाणं कोरलेलं नळकांडं, हलक्या हाताने काढली. काळी, टणक, एका अंगाने उभी तडकलेली. कडेवर उमटवलेली इंग्रजी अक्षरं तिने भिंगातून वाचली, पुन्हा वाचली, आणि नानांना अंगणात नेलं. ही भुंगळी कारखान्यात साच्यातून काढलेली आहे, हिच्यात कोणा साहेबाचं हसण्याचं गाणं आहे, असं ती हळू आवाजात म्हणाली. मऊ मेणाची असती तर घरी आवाज भरता आला असता, हिच्यावर नाही. दुसरी एखादी आहे का? नानांनी मान हलवली. एवढी एकच होती.

"नाना, हिच्यात तुमच्या आईचा आवाज असूच शकत नाही."

"ते मला माहीत आहे, ताई. तिला कोण सांगणार?"

ओट्यावरून अक्कांनी विचारलं, लागलं का यंत्र. अक्कांनी पुन्हा विचारलं.

सुलक्षणा ओट्यावर परतली. भुंगळी तिने बाजूला ठेवली, अक्कांच्या कानात नळ्या बसवल्या, चावी दिली आणि यंत्र रिकामंच सोडलं. घरघर सुरू झाली. नळीचं दुसरं टोक तिने नानांकडे न बघताच त्यांच्या हातात दिलं.

नाना पेटीला पाठ टेकून खाली बसले. अस्वलाचा, कलेक्टरचा, भुतांचासुद्धा आवाज काढून दाखवलेला माणूस. त्यांनी ओंजळीत नळी धरली आणि मायसारखा आवाज बारीक केला.

"वच्छे... जेवनी का माय?"

अक्कांनी खाटेची दोरी घट्ट धरली. त्यांचे ओठ हलत होते.

इथेच थांबायला हवं होतं. पण गोष्टीला रंग चढला की नानांना आवरत नसे. गाय व्याली म्हणाले, तुझ्या वाटचा खरवस झाकून ठेवलाय म्हणाले. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मानेने हो हो म्हणत होत्या. ते पाहून नानांचा आवाज आणखी कोवळा झाला, आणि त्यांनी वडिलांनाही गाडी जुंपून तिला आणायला धाडलं.

"रडू नको, वच्छे. उखर्डू गाडी जुपी ऱ्हायना. तुले लेवालेच येस."

दोरीवरचा हात सैल झाला. अक्कांनी एका कानातली नळी काढली, मग दुसऱ्या. पेटी घरघरत होती.

"सुकदेव," त्या म्हणाल्या, "मायनी जलमभर बापनं नाव लिधं नही. हाऊ आवाज तुनाच शे."