पास केलेला नमुना

दादाने कात्री पुन्हा कापडाला लावली आणि दातओठ खाऊन दाबली. कापड कापलं जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मधे निमूट दुमडून बसलं. खोक्यातून काढलेली ही चौथी कात्री होती.

"साहेब, तुमचा माल कापत नाही."

धाकट्या बहिणीला तो साहेब म्हणायचा. नोकरीवर लाथ मारून परदेशातून माल मागवायचा आणि ऑनलाइन विकायचा, हा उद्योग तिने कोणालाही न विचारता सुरू केला होता, आणि आता खुद्द दादाच तिच्या हाताखाली पॅकिंग करत होता. रेशमी दोरे खपले, बटणं खपली. कात्री मात्र तिने स्वतः आकार ठरवून बनवून घेतलेली पहिली वस्तू. पात्यावर दुकानाचं नाव कोरलेलं होतं. एका मोठ्या शिवणवर्गाने आगाऊ मागणी नोंदवली होती आणि माल संध्याकाळी निघायचा होता. तो परत आला असता, तर दुकानाला टाळं लागायला वेळ लागला नसता.

"आण इकडे. दाबायची नसते ती, चालवायची असते."

तिने कापड टेबलावर पसरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत नेलं. मग विजयी चेहऱ्याने दादाकडे पाहिलं. दादा तिच्या हाताकडे पाहत होता.

"कुठल्या हाताने कापलंस?"

तिने खाली पाहिलं. कात्री तिच्या डाव्या हातात होती.

कारखान्याने विचारलं होतं, पकड कशी हवी. हिने हौसेने स्वतःच्या हाताचा व्हिडिओ पाठवला, कापड कापतानाचा. त्यांनी बिचाऱ्यांनी त्या हाताला शोभेल अशी कात्री केली, पात्यांसकट. नमुना आला तो हिने एकटीने तपासला, कारण नमुना दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही हा हिचा नियम. जन्मात पहिल्यांदा एखादी कात्री तिच्या बोटांना न चावता चालली होती. माल किती उंची आहे, या आनंदात तिने त्याच दिवशी 'पास' कळवून टाकलं. कात्रीलाही डावं-उजवं असतं, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

"कारखान्याला परत पाठवून दे सगळा," दादा म्हणाला.

"काय म्हणून? मी पास केलं तेच त्यांनी दिलंय."

ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने शिवणवर्गाच्या बाईंना फोन लावला. चूक माझी, कात्र्या डावखुऱ्या झाल्यात, मागणी रद्द समजा, असं तिने आढेवेढे न घेता सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "रद्द नका करू. आमच्याकडे काही मुली कायम वाकडं कापतात आणि माझी बोलणी खातात. त्यांच्यापुरत्या पाठवा."

फोन ठेवून ती लॅपटॉपपाशी बसली आणि दुकानाच्या पानावर कात्रीच्या फोटोवरचं नाव खोडून तिने नवीन लिहिलं: डावखुऱ्यांसाठी.

"एवढी डावखुरी माणसं आणणार कुठून?" दादाने खोकं उचललं. "आपल्या घरात तू एकटीच."

"असतात रे. बघशील तू."

दादा मान हलवत जिना उतरला. खिडकीशी आई उशीचा अभ्रा बेतत बसली होती. लहानपणी लिहायच्या वेळी हिचा डावा हात रुमालाने बांधून ठेवणारी हीच आई. गाठ सुटली की ही पुन्हा डाव्याने लिहायची. शेवटी आईच थकली, आणि त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

"एक इकडे दे बघू," आई म्हणाली.

"तुला नाही चालायची, आई. उलटी आहे."

"दे तर."

आईने कात्री उजव्या हातात घेतली, पाती उघडमीट करून पाहिली. मग ती डाव्या हातात घेतली. पहिला काप जरा अडखळला. पुढचा नाही. अभ्र्याची गोल कड तिने एका दमात फिरवली. आईच्या हातचं बेतलेलं कापड नेहमी तिरकं जायचं आणि त्यावरून सगळं घर तिची थट्टा करायचं. ही कड रेखीव होती.

मुलीला राग आला, आणि त्याहून जास्त भरून आलं.

"मग माझा हात का बांधलास?"

आई कापतच राहिली. "मी माझा डावा जन्मभर चोरून वापरला गं. म्हटलं, तुझी तरी यातून लवकर सुटका होईल."

दादा दुसरं खोकं न्यायला वर आला आणि दारातच थबकला. आईने त्याच्याकडे पाहिलं. कात्री तिने उजव्या हातात घेतली नाही.

"तुझ्या मावशीलाही एक पाठव," ती मुलीला म्हणाली. "आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिही, डावखुऱ्यांसाठी."