दोन हातांचं वळण

तीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या माळावर इंटरनेटची पहिली केबल टाकली ती तारवाल्या काकांनी. तेव्हा तिथे दोन खोल्यांत सहा संगणक घेऊन बसलेली एकच कंपनी होती आणि लोक तिला टायपिंगचा क्लास समजत. केबलच्या मागोमाग इमारती आल्या, बघता बघता माळाचं शहर झालं. आता त्याच कंपनीच्या चौदा मजली इमारतीत काकांची मुलगी नोकरीला होती आणि वर्धापनदिनी काकांचा सत्कार ठरला होता. काका तोंडाने ‘कशाला उगाच’ म्हणत होते, पण नवा शर्ट गुपचूप शिवून आणला होता.

सत्काराला चार दिवस उरले असताना रस्त्याच्या खोदकामात ती केबल तुटली. सगळ्या इमारतींचं काम ठप्प झालं. मुलगी दुपारीच घरी आली आणि जेवता जेवता सांगू लागली, की चूक खोदयंत्राच्या ड्रायव्हरची आहे. नकाशात केबल चांगली दोन हात पलीकडे दाखवलेली, पण हा बाबा नकाशा बघतो कुठे. उद्या चौकशी, ती नावापुरती. त्याला काढायचं ठरलंच होतं.

कुठे तुटली, काकांनी विचारलं. जुन्या नाक्यावर, बस थांब्यासमोर, असं तिने सांगितलं आणि काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्या जागी तेव्हा एक मोठं झाड होतं. समोरच काकांची पत्र्याची खोली. आजारपणात बायकोचा जीव आत घुसमटायचा, म्हणून ती दिवसभर झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. चर सरळ खणला असता तर मुळं तुटली असती. काकांनी तो दोन हात बाजूने नेला. वळण नकाशात दाखवायचं तर वरून मंजुरी लागे, त्यात महिने जात. त्यांनी कागदावर रेघ सरळ ओढली आणि सही ठोकली. पुढे सवडीने दुरुस्त करू म्हणाले, ते राहूनच गेलं. बायको त्याच वर्षी गेली. झाडही रस्ता रुंद करताना गेलं. केबल मात्र नसलेल्या झाडाला वळसा घालून जमिनीखाली तशीच पडून होती.

काकांनी मुलीला सगळं सांगितलं. तिने हात धुतले, बराच वेळ पुसत राहिली.

“बाबा, हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. चार दिवसांवर सत्कार आलाय.”

“त्या ड्रायव्हरला माहीत आहे ना, की त्याने नकाशा पाहिला होता.”

सकाळी काका चौकशीला गेले. ड्रायव्हर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आधी चौकशी करणाऱ्या साहेबांना वाटलं, म्हातारा सत्काराचंच काही विचारायला आलाय. काका त्यांना नाक्यावर घेऊन गेले, पावलं मोजली आणि दोन ठिकाणी खणायला लावलं. दोन्हीकडे केबल निघाली, जिथे काकांनी सांगितली होती तिथेच. ड्रायव्हरने काकांकडे पाहिलं. आभार त्याने मानले नाहीत. का मानावेत? कामावर मात्र तो त्याच दिवशी परत गेला.

सत्काराचं ‘पुढे बघू’ झालं. काकांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

नकाशा दुरुस्त करायला एक तरुण इंजिनिअर संगणकावर बसली. काका आणि त्यांची मुलगी शेजारी उभे होते. रेघ वाकवल्यावर पडद्यावर चौकट आली: वळणाचं कारण. ते भरल्याशिवाय नकाशा पुढे सरकेना.

“काका, यादीत इमारत आहे, गटार आहे, पाण्याची पाइपलाइन आहे,” इंजिनिअर म्हणाली. “झाड नाहीये. ‘इतर’ टाकू का?”

मुलीने काकांचा हात धरला.

“इतर नको,” ते म्हणाले. “इथे झाड होतं, असं लिही.”