थेंब पडता कामा नये

गाडीखाली पुठ्ठा सरकवायची पद्धत बाबांची. गाडी दारात लावली की इंजिनाच्या बरोबर खाली पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी चहाच्या आधी बाहेर ओढून बघायचा. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले, पण आपल्या हाताखालच्या इंजिनातून कधी थेंब पडू दिला नाही, हे ते येता-जाता ऐकवत. ऐकायला होता धाकटा. मोठा शहाणा निघाला, लांब जाऊन राहिला. बाबा, गाडी आणि पुठ्ठा तिन्ही धाकट्याच्या गळ्यात पडले.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाबांना काम उरलं नव्हतं, आणि गप्प बसतील तर ते बाबा कसले. खिशातल्या चाकूने लाकडाचे तुकडे तासून ते बुचं करत. मोरीतल्या गळक्या नळाला बूच, टाकीच्या भोकाला बूच, उंदराच्या बिळाला बूच. किटलीच्या झाकणाची मूठ निघाली तर तिथेही बूचच. प्रत्येकाला वरून दोरा गुंडाळलेला, म्हणजे घट्ट बसतं.

"बाबा, एक दिवस माझ्याही तोंडाला बसवाल," सून म्हणायची.

"माप दे," बाबा म्हणायचे.

हसतंखेळतं घर होतं. मग पुठ्ठा काळा व्हायला लागला.

आधी इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल झिरपलं. धाकट्याने झाकण काढलं, जुनं गॅस्केट खरवडलं, नवीन बसवलं. चार दिवस पुठ्ठा कोरडा. मग पुढच्या सीलमधून गळायला लागलं. तेही बदललं. आता मागच्या सीलमधून. एक भोक बुजवावं तर इंजिन दुसरीकडून रडायला लागायचं. धाकटा अगदी जेरीला आला. बाबा मात्र सीलवाल्या कंपन्यांना शिव्या घालत होते. हल्ली रबर म्हणून काय वाटेल ते विकतात, असं त्यांचं म्हणणं.

गाडीवर धाकट्याचं पोट होतं. कारखान्यातल्या चार साहेबांची ने-आण त्याच्याकडे होती. गेल्या आठवड्यात तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडून धूर झाला आणि चौघे रुमाल नाकाला लावून उतरले. कारखान्याच्या मॅनेजरने फोनवर दोनच वाक्यं ऐकवली. "सोमवारी गाडी ठणठणीत हवी. नसेल तर येऊच नकोस, मी दुसरी लावतो." हे काम गेलं की पुन्हा गोदामात पोती उचलणं आलं. तिथे धाकट्याची पाठ एकदा कामातून गेली होती. तेव्हा कित्येक महिने बायको त्याला उठवून बसवायची. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नसे.

मागचं सील म्हणजे गिअरबॉक्स खाली घेणं आलं. गॅरेजवाला म्हणाला, "आठवडा तरी लागेल." म्हणून शनिवारी सकाळी धाकट्याने दारातच गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली आणि स्वतः खाली शिरला.

बायकोने उजेडाला बॅटरी धरली. बाबा खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडायला लागले. बोल्ट गंजून बसले होते. एकाचं डोकं झिजलं तेव्हा धाकट्याच्या तोंडून असा शब्द निघाला की बायकोने बॅटरी दुसरीकडे वळवली.

"अरे, बोल्टला आईवरून बोलून तो सुटत नाही," बाबा म्हणाले. "तेल सोड, थांब, मग ओढ."

बोल्ट सुटला. गिअरबॉक्स जुन्या टायरवर उतरवला. क्लच निघाला, फ्लायव्हील निघालं आणि त्यामागे ते सील दिसलं. पंजाएवढी काळी रबरी कडी, सगळीकडून तेलाने माखलेली. धाकट्याने ती स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटली. त्याला वाटलं होतं, रबर फाटलेलं असेल. ते तसं चांगलंच होतं, फक्त एका बाजूने बाहेर आलेलं. आतून कुणीतरी ढकलल्यासारखं. त्याने ते क्षणभर बोटांत फिरवलं, पण थकलेल्या माणसाला विचार करायला फुरसत नसते. त्याने ते बादलीत टाकलं.

नवीन सील बसवायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "हे मी ठोकतो."

"बाबा, तुम्हाला खाली झोपता येणार आहे का?"

"झोपवा. मेल्यावर झोपवणारच आहात, आज सवय करा."

दोघांनी धरून त्यांना चटईवर आडवं केलं. गुडघा वाकताना बाबा कण्हले, पण हातोडी हातात आली आणि गप्प झाले. त्यांनी सीलच्या कडेला तेल चोळलं, लाकडाचा ठोकळा टेकवला आणि गोल गोल फिरवत हलके ठोके दिले. चमचा धरताना थरथरणारा हात इथे एकदाही हलला नाही. सील सगळीकडून सारखं आत गेलं. धाकट्याला इतका अभिमान वाटला की त्याला गाडीखालून बाहेर येऊन तोंड धुवावं लागलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं परत जोडून झालं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बराच वेळ चालू ठेवलं, पुठ्ठा स्वच्छ. सोमवारी सकाळीही स्वच्छ. बाबांनी तो पुठ्ठा सुनेला दाखवला, शेजारच्या शिंप्याला दाखवला आणि दाराशी उभा करून ठेवला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

साहेब बसले, गाडी गावाबाहेर पडली, चढ लागला. अर्ध्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला. त्याच वेळी थांबायला हवं होतं, हे धाकट्याला चांगलं कळत होतं. पण मागे चौघे घड्याळं बघत होते आणि चढ संपला की उतारच होता. एवढा चढ काढू, असं तो मनात म्हणाला. इंजिन खडखडलं, एकदा किंचाळलं आणि जागच्या जागी जॅम झालं. मागे रस्त्यावर तेलाची लांब काळी रेघ होती. साहेबांनी फोन केला, दुसरी गाडी आली, चौघे बसून गेले. कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी त्याने गाडी ओढून आणून दारात लावली. बायकोने कपाटातून पाठीचा जुना पट्टा काढला आणि धुऊन दोरीवर वाळत घातला.

धाकट्याने उगाचच बॉनेट उघडलं. मेलेल्याची नाडी बघावी तसं इकडे हात लाव, तिकडे हात लाव चाललं होतं. एअर फिल्टरचा डबा काढला तेव्हा मागे इंजिनाच्या आडोशाला एक रबरी नळी लोंबताना दिसली. तिची क्लिप कधीतरी तुटली असावी. इंजिनाच्या पोटातला दाब आणि वाफ बाहेर पडते ती हीच नळी. ही बंद झाली तर दाब कच्ची जागा शोधतो. आज हे सील ढकलतो, उद्या ते.

नळीच्या तोंडात लाकडाचं बूच होतं. नीट तासलेलं, वरून दोरा गुंडाळलेलं.

ओढायला त्याला पक्कड लागली. बूच निघालं आणि नळीतून दोन थेंब तेल ओघळलं. धाकटा तिथेच जमिनीवर बसला. सगळी सीलं, सगळी गॅस्केटं चांगली होती. काहीच बदलायला नको होतं.

तो आत गेला तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"कुठलं गेलं?" त्यांनी विचारलं. "मी ठोकलेलं?"

खिशात धाकट्याची मूठ बुचावर आवळली. खरं सांगावं तर ठोकलेल्या सीलचा डाग पुसला जाणार होता आणि अख्ख्या गाडीचा दोष त्यांच्या माथी येणार होता. न सांगावं तर त्यांचे हात गेले, असंच ते मरेपर्यंत धरून बसणार होते.

"तुम्ही सुतासारखं सरळ बसवलं होतंत, बाबा."

"मग गेलं कसं?"

"गाडीच जुनी झाली होती."

"हं," बाबा म्हणाले. "जुनं झालं की कितीही ठोका."

मग ते कोपरावर उठून बसले आणि उशीखाली चाकू चाचपू लागले. "अरे, ती मागची नळी बघितलीस का? तीही गळायची, मी बंद करून ठेवली होती. तुला सांगायचं राहिलं. बूच पडलं असेल तर लगेच नवीन करून देतो."

धाकट्याला ओरडायचं होतं. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्यावर थोडी धुगधुगी आली होती.

"नाही पडलं, बाबा. घट्ट बसलंय."

"बघ," बाबा म्हणाले आणि समाधानाने पुन्हा आडवे झाले. "तेवढं तरी माझं काम टिकलं."